मदत हवी आहे: ऊनोवर वजाबाकीचं उत्तर 65516 कसं काय?

मंडळी, घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला आर्डुइनो ऊनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) लावून पाण्याची पातळी मोजतोय. आत्ताची पातळी वजा मघाची, एवढंच गणित. दोन्ही व्हेरिएबल 16 बिटांचे अनसाइन्ड, म्हणजे ऋण संख्या न ठेवणारे. पाणी 120 सेंटिमीटरवरून 100 वर उतरलं की -20 यायला हवं, सिरियल मॉनिटरवर येतं 65516! टाकी भरतेय समजून पंप बंद, आणि वरच्या मजल्यावरचे काका दारात हजर.

तोच कोड ईएसपी32 या दुसऱ्या बोर्डवर मुकाट -20 देतो. तिथे इंट (पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) 32 बिटांचा, ऊनोवर 16 चा, म्हणून हा फरक ना?

वजाबाकीआधी दोन्ही साइन्डमध्ये (ऋण संख्याही चालणाऱ्या प्रकारात) कास्ट करू, म्हणजे बदलून घेऊ, की मोठं कोण ते आधी तपासू? मिलिसची (बोर्ड सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांची) वजाबाकी मात्र अनसाइन्डच ठेवणार आहे, तिला हात लावा असं कुणी सांगू नका.