मदत हवी आहे: दिवसभर एन९५ लावून डोकं ठणकतं

नमस्कार मंडळी. मी दादरला एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. स्केलिंग (दातांवरचा कडक थर काढणं), रूट कॅनाल, म्हणजे तोंडातलं पाणी नि लाळ फवाऱ्यासारखी उडणार. त्यामुळे एन९५, वर फेस शील्ड, सलग चार-चार तास. मास्क काढायचा प्रश्नच नाही, ०.३ मायक्रॉनचे कणही तो किमान ९५ टक्के अडवतो.

पण दुपारपर्यंत कपाळ आणि मानेची मागची बाजू ठणकायला लागते. मास्क काढायला लागतो म्हणून पाणीही पीत नाही (चूक माझीच). नाकाच्या हाडावर लाल वळ उठलाय, परवा तिथलं साल निघालं. हनुवटीवर घामोळं की पुरळ, कळत नाही. एसी असूनही आत नुसता घाम! शील्डवर वाफ धरते ती वेगळीच. तेव्हा मान वाकडी करून सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) धरावं लागतं.

या कामातल्या कुणी नाकावर हायड्रोकोलॉइड पट्टी (जखमेवर लावायची जेलसारखी मऊ चिकटपट्टी) लावून पाहिली आहे का? तिने मास्क सैल बसून कडेने हवा शिरते का? आणि दोन पेशंटच्या मध्ये मास्क काढून पाणी प्यायला वेळ द्या, हे डॉक्टरांना कसं सांगितलंत?