घरची भाषा: फॉर्मवर मराठी लिहू की इंग्लिश?

प्रेषक: ईशानची आई

सगळ्यांना नमस्कार,

आम्ही जूनमध्ये कोथरूडहून अमेरिकेत, न्यू जर्सीच्या मधल्या भागात (सेंट्रल जर्सीत) आलो. इथल्या मराठी मंडळाच्या ई-मेल यादीत गेल्याच आठवड्यात नाव घातलंय आणि पहिलाच प्रश्न बावळट वाटेल, पण विचारते.

ईशानला दुसरीत घालायचंय. शाळेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये अडकलेय. मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोललं, घरी मोठी माणसं कुठली बोलतात, मूल स्वतः कुठली बोलतं. तिन्हींचं खरं उत्तर मराठी. पण खालच्या मजल्यावरच्या एका बाई म्हणाल्या, "सगळीकडे इंग्लिश टाक, नाहीतर वेगळ्या वर्गात बसवतात." तो पुण्यात इंग्लिश मीडियमलाच होता, पुस्तकं घडाघडा वाचतो. नवरा म्हणतो, टाक इंग्लिश, कोण बघायला येतंय! मला मात्र इथल्या पहिल्याच सरकारी कागदावर खोटं लिहायचं जिवावर आलंय.

दुसरं, मी आणि ईशान एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर आहोत. व्हिसाचे कागद मागतील का?

--------

प्रेषक: मीराचा बाबा

ताई, इंग्लिश लिहा आणि मोकळ्या व्हा. अनुभवाने सांगतोय.

आमची मीरा इथेच जन्मली. घरी आजी, म्हणून इमानेइतबारे मराठी लिहिलं. किंडरगार्टनच्या आधी एका अनोळखी बाईंनी तिला खोलीत बसवून इंग्लिशची चाचणी घेतली. घरी ही पोर झोपेतही बोलते, तिथे तोंड उघडलं नाही. कागदावर आलं, बोलणे: १. मग दीड वर्ष रोज अर्धा तास तिला इंग्लिश शिकवायला वर्गातून उठवून न्यायचे, आणि तेही नेमकं बाईंच्या गोष्टीच्या वेळेला. एका रात्री मला विचारते, "बाबा, मी इंडियन आहे म्हणून मला बाहेर नेतात का?"

नाही म्हणता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. पत्र आलं असेलही, शाळेच्या कागदांच्या ढिगात गेलं. माझं स्पष्ट मत आहे, हे सगळं पैशासाठी चालतं. जितकी मुलं यादीत, तितका निधी.

--------

प्रेषक: ओमची आई

ईशानची आई, मी चौदा वर्षं ईएसएल, म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना इंग्लिश शिकवतेय, म्हणजे मीराच्या बाबांच्या गोष्टीतली ती "अनोळखी बाई" मीच समजा. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी व्हिसाचं. पब्लिक स्कूलच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळेच्या प्रवेशासाठी शाळेने तो मागायचा नसतो. राहत्या पत्त्याचा पुरावा, जन्मतारीख, लशींची नोंद, संपलं. टेक्ससने १९७५ साली कायदा केला होता की कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या शिक्षणाला राज्य पैसे देणार नाही. टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडे वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते मोडीत काढलं. आईबापांच्या कागदांची शिक्षा मुलांना नको, हा त्याचा अर्थ. तुमचे कागद चोख असले तरी नियम सगळ्यांना तोच.

आता भाषेचा प्रश्न. तो फॉर्म कुणा कारकुनाच्या डोक्यातून आलेला नाही. १९७० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत चिनी घरांतली जवळजवळ १,८०० मुलं रोज शाळेत जाऊन बसत होती आणि त्यांना काडीचंही कळत नव्हतं. इंग्लिशसाठी वेगळी मदत शून्य. शाळांचं म्हणणं, सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तेच बाक दिलेत, मग अन्याय कसला? खटला 'लाऊ विरुद्ध निकल्स' म्हणून ओळखला जातो. जानेवारी १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की ज्याला भाषाच कळत नाही त्याच्या हातात तेच पुस्तक देणं म्हणजे समान वागवणं नव्हे. आधार होता १९६४ चा नागरी हक्क कायदा. मदत करायची तर ती कुणाला हवी हे आधी कळायला हवं, म्हणून हे तीन प्रश्न.

आपल्या न्यू जर्सीने तर लगोलग स्वतःचा कायदा केला. एखाद्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका कारभाराखालच्या सरकारी शाळांत, एकाच भाषेची, इंग्लिश कच्चं असलेली २० किंवा जास्त मुलं असतील, तर त्या भाषेतूनही शिकवायची सोय करायची. यातून सूट मिळते, पळवाटाही आहेत, पण मुळात मोजणी सुरू होते ती याच फॉर्मपासून.

आणि मराठी लिहिलं की मूल थेट वेगळ्या वर्गात, असं होत नाही. फॉर्मवरून एवढंच ठरतं की पुढे बघायचं का. आमच्याकडे आधी जुनं प्रगतिपुस्तक बघतात, शंका राहिली तर चाचणी. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही. आणि आपल्या मुलांची विकेट बहुतेक वेळा बोलण्यात पडते. मागे नाशिककडून आलेला तिसरीतला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. वाचन झकास, लिखाण माझ्या इथल्या मुलांपेक्षा सुबक. बोलायची वेळ आली की दर प्रश्नाला खुर्ची मागे सारून ताठ उभा राहायचा, "येस मॅडम" म्हणायचा आणि बसायचा. मी त्याला सांगितलं, बाळा, इथे बसून बोललं तरी चालतं, आणि खूप बोललेलं आवडतं. तो परत उभा राहिला आणि म्हणाला, "ओके मॅडम." चाचणीत एका शब्दाच्या उत्तराला एका शब्दाचेच गुण. तेव्हा ईशानला आधी सांगून ठेवा: चित्र दाखवलं तर गप्पा मारायच्या, आज्जीला फोनवर सांगतो तशा.

चाचणीत मदत हवी असं निघालं, तर शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत पत्र यायलाच हवं, आणि त्यात तुम्हाला ही मदत नाकारायचा हक्क आहे हेही लिहिलेलं असतं. नाकारलंत तरी वर्षातून एकदा ती मोठी चाचणी मात्र द्यावीच लागते.

--------

प्रेषक: मीराचा बाबा

> वर्षातून एकदा ती मोठी चाचणी

वहिनी, इथेच तर आमची माती झाली! पोरगी दोन महिन्यांत फडाफडा बोलायला लागली होती. वर्गशिक्षिका स्वतः म्हणाल्या, हिला गरज नाही. तरी परीक्षा येईपर्यंत थांबा, आणि मग निकाल येईपर्यंत थांबा. त्या वीडा नावाच्या चाचणीने आमच्या पोरीचा विडाच उचलला होता. आणि पैशाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

--------

प्रेषक: ओमची आई

बोलते. न्यू जर्सीच्या २००८ च्या निधी कायद्यात अशा मुलामागे जास्त रक्कम धरलेली आहे, हे खरं. पण त्यासाठी मूल अडकवून ठेवता येत नाही. बाहेर पडायला किती गुण हवेत ते राज्य ठरवतं, शाळा नाही. तुमच्या बाईंना मीरा तयार आहे हे दिसत होतं आणि तरी त्यांचे हात बांधलेले होते, ते याच कारणाने.

थांबायला लागण्याचं मूळ मात्र वेगळं आहे आणि त्याचा मलाही राग आहे. २००२ च्या जानेवारीत बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' या शाळांच्या कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा, आणि निकाल गटागटाने वेगळे: गरीब मुलं, काळी मुलं, अपंग मुलं, इंग्लिश शिकणारी मुलं. एका गटाने मार खाल्ला की अख्खी शाळा नापास. त्यातली चांगली बाजू मी कधी नाकारणार नाही. सरासरीच्या पोटात लपलेली मुलं पहिल्यांदाच मुख्याध्यापकांना दिसायला लागली. माझी नोकरीसुद्धा त्यामुळेच निघाली असावी!

पण २०१४ पर्यंत प्रत्येक गट १०० टक्के पास व्हायला हवा, अशी अट होती. आता हिशोब करा. आमच्या गटातलं मूल इंग्लिश शिकलं की गटातून बाहेर जातं, आणि त्याच्या जागी परवाच विमानातून उतरलेलं येतं. चाळणीत पाणी भरून ठेवा म्हणण्यासारखं आहे ते. ओबामांनी डिसेंबर २०१५ मध्ये नवा कायदा आणला, १०० टक्क्यांचं खूळ गेलं, बरेच अधिकार राज्यांकडे आले, बाहेर पडलेली मुलं चार वर्षं गटात धरायला परवानगी मिळाली. दरवर्षीची भाषेची चाचणी मात्र राहिली, आणि ती हिवाळा संपता संपता एकदाच होते. ती खिडकी चुकली की पुढच्या वर्षी. मीरा त्या खिडकीत अडकली.

मुलांना वर्गातून उठवून नेण्याबद्दल: बऱ्याच ठिकाणी आता मीच त्यांच्या वर्गात जाऊन बसते. सगळीकडे नाही. ईशानच्या शाळेत काय पद्धत आहे ते विचारून घ्या. गोष्टीच्या वेळेला नेऊ नका, असं सांगायलाही कचरू नका.

--------

प्रेषक: नाना

मंडळी, म्हाताऱ्याची एक भर. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांच्या रागापोटी नेब्रास्काने १९१९ मध्ये कायदा केला, आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. खाजगी शाळेतसुद्धा नाही. रॉबर्ट मेयर नावाच्या मास्तरांनी चर्चच्या शाळेत दहा वर्षांच्या पोराला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून २५ डॉलर दंड झाला. भरला असता तर प्रकरण मिटलं असतं. गडी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये जिंकला. मुलाला काय शिकवायचं यात आईबापांचा हक्क आहे, असं कोर्ट म्हणालं. आपली रविवारची मराठी शाळा भरते तेव्हा मला हा मेयर आठवतो. २५ डॉलरमध्ये तर आपली वर्षाची वर्गणीसुद्धा बसत नाही.

सूनबाई, मराठीच लिही.

--------

प्रेषक: ईशानची आई

लिहिलं, नाना. तिन्ही ठिकाणी मराठी. मीराच्या बाबांनी फोन करून पत्र कसं असतं ते सांगितलं, त्यांचेही आभार.

पण आता नवीनच गाडं अडलंय. ईशानचा वाढदिवस ३ जूनचा. त्याच्या पुण्याच्या कार्डावर गोवरच्या लशीची तारीख ०५/०७ आहे, म्हणजे ५ जुलै. इथे आधी महिना लिहितात, म्हणून शाळेच्या नर्सने ती ७ मे वाचली आणि म्हणतेय, पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेली लस धरत नाही, परत टोचून आणा. कुणाला असा अनुभव आहे?

--------

प्रेषक: ओमची आई

दर ऑगस्टला दोन-तीन घरांना असतो! टोचू नका. पुण्याच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर महिना अक्षरांत लिहून, सही-शिक्क्यासकट फोटो मागवा. बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं.