मदत हवी आहे: कोल गॅसच्या मॉडेलमध्ये पाणी उलटं चढतंय

खटपट्या
शनिवारी प्रदर्शन आहे आणि मी अडकलोय. कोळशाच्या गॅसवर दिवे लावणाऱ्या विल्यम मर्डॉकच्या गॅस प्लँटचं अ‍ॅक्रिलिकचं मॉडेल आहे. पंप चालू असेपर्यंत बुडबुडे मस्त येतात. पंप बंद करून रिटॉर्टचं (कोळसा तापवायचं बंद भांडं) झाकण उघडलं की हायड्रॉलिक मेनमधलं (गॅसच्या नळीचं टोक बुडवलेली पाण्याची पेटी) पाणी नळीतून वर चढतं आणि थेट रिटॉर्टमध्ये! आत ठेवलेल्या कोळशाचा नुसता चिखल. व्हॉल्व्ह बसवा म्हणू नका, तिथे गॅस मागे फिरू नये म्हणून पाण्याचीच सील असायची. लवकर सांगा.

सुरक्षित_अंतर
बंद हॉलमध्ये कोळसा तापवणार? कोल गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. आयोजकांना विचारलंत का?

खटपट्या
अहो, पंप लिहिलंय ना वर. माशांच्या टाकीचा. हवाच आहे ती.

शेणामातीचा
एवढा उपद्व्याप कशाला? गोबर गॅसचं मॉडेल करा. तरंगती टाकी तीच, पब्लिकला कळतंही. आमच्या गावी वडिलांच्या काळापासून चालू आहे.

जुनीपानं
मर्डॉक आणि हायड्रॉलिक मेन? इंग्लंडमधल्या साल्फर्डच्या फिलिप्स अँड ली गिरणीत त्याने 904 दिवे लावले, पण हायड्रॉलिक मेन आणि चुन्याने गॅस धुणं हे सॅम्युअल क्लेगच्या नावावर आहे. क्लेग वाफेची इंजिनं बनवणाऱ्या बोल्टन अँड वॉट कंपनीत मर्डॉकच्या हाताखाली तयार झालेला, म्हणून लोक गल्लत करतात. फलकावरचं नाव तेवढं बदला.

पॅरिसची_चाळ
फ्रेंच संशोधक लबाँला विसरलात. त्याच्या थर्मोलॅम्पचं, म्हणजे गॅसच्या दिव्याचं, पेटंट 1799 चं आहे.

जुनीपानं
मर्डॉकने इंग्लंडमधल्या रेडरूथचं आपलं घर 1792 ला उजळलं होतं. पेटंट घेतलं नाही म्हणून काय झालं?

बॉयलरकाका
भांडण नंतर करा रे. खटपट्या, गॅसहोल्डरच्या टोपीचं, म्हणजे गॅस साठवणाऱ्या तरंगत्या टाकीचं, वजन किती? व्यास? नळी मेनमधल्या पाण्याच्या वर किती उंच जाते? हे न सांगता कोण काय सांगणार?

खटपट्या
गॅसहोल्डरचा काय संबंध? तो दुसऱ्या टोकाला आहे. बरं, 1.2 किलो, लोखंडी पत्रा. व्यास 12 सेंमी. नळी पाण्याच्या वर 6 सेंमी जाऊन वळते.

बॉयलरकाका
संबंध तिथेच आहे. टोपीचं क्षेत्रफळ साधारण 113 चौ. सेंमी, म्हणजे आत साडेदहा सेंमी पाण्याएवढा दाब. झाकण उघडलंत की तोच दाब मेनमधलं पाणी नळीत साडेदहा सेंमी वर ढकलणार. तुमची नळी सहालाच वळते, मग पाणी रिटॉर्टमध्ये जाणार नाही तर कुठे? खऱ्या प्लँटमध्ये रिटॉर्टपासून उभे पाइप उंच नेऊन मग मेनमध्ये बुडवायचे. शिवाय मेन रुंद हवा. चिंचोळी असेल तर नळीत पाणी चढताना मेनमधली पातळी खाली जाते, नळीचं तोंड उघडं पडतं आणि सील तुटते.

सोसायटी_सचिव
आमच्याकडे पाइप गॅसचा दाब कमी येतो. आधी रेग्युलेटर बघा, नव्वद टक्के वेळा तिथेच घोळ असतो.

खटपट्या
काका, नळी आता उंच होत नाही, वरचं झाकण चिकटवून टाकलंय.

बॉयलरकाका
मग टोपी हलकी करा. दोन बाजूंना पुली, दोरीला उलटी वजनं, मिळून 750 ग्रॅम. दाब 4 सेंमीवर येईल. जुन्या गॅसहोल्डरनाही अशी वजनं असायची, त्यामुळे कोणी नावं ठेवणार नाही.

गिरणगावकर
लालबागची गॅस कंपनी लेन आठवली! मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे 1865 ला आले.

पॅरिसची_चाळ
कलकत्त्यात 1857 ला. मुंबईकरांना सगळं आपणच आधी केलं असं वाटतं.

गिरणगावकर
पहिले आम्हीच, असं कुठे लिहिलंय मी?

खटपट्या
नट लटकवून बघितले. पाणी वळणाच्या खालीच थांबलं!! पण टोपी एका बाजूला कलंडते आणि कडेला घासते.

बॉयलरकाका
दोन्हीकडची वजनं काट्यावर तोलून सारखी करा. आणि टोपीला आतून मधोमध एक उभी दांडी द्या, ती टाकीच्या तळाला बसवलेल्या नळीत सरकू दे.

शेणामातीचा
मधली दांडी आमच्या गोबर गॅसलाही आहे. मी आधीच सांगत होतो.