साइड स्टँड बदलला: बोल्ट घसरतोय, गाडी फार सरळ उभी राहते, गिअर टाकला की इंजिन बंद

घणसोली_सेक्टर:
गाडी १५० सीसी, २०२१ची, बीएस-६. डबल स्टँड आहे. जुना साइड स्टँड स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये ओढाओढीत वाकला, म्हणून काउंटरवरून नवीन आणला (लोकल, कंपनीचा नाही). घरीच बसवला. आता चार प्रश्न:

१. जुना बोल्ट नट काढूनही निघेना, हातोडीने ठोकून काढला. आता नवीन बोल्ट आवळताना फिरतच राहतो.
२. स्प्रिंग दोन आहेत, एकात एक. मोठी कशीबशी लागली, लहान हातात राहिली. एका स्प्रिंगवर चालेल का?
३. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते. वारा आला तरी उजवीकडे पडेल असं वाटतं.
४. स्टँड वर असतानाही पहिला गिअर टाकला की इंजिन बंद. न्यूट्रलला व्यवस्थित चालतं.

गॅरेजवाला म्हणतो, स्टँडच्या सेन्सरच्या वायरी जोडून टाकू, कटकट संपेल. करू का?

पाना_चौदा:
वायरी जोडू नका, त्यावर कोणीतरी सविस्तर लिहीलच. मी बोल्टाचं सांगतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर टांगलेलं आहे. बोल्ट धड नसताना गाडी साइड स्टँडवर सोडू नका, तोवर डबल स्टँड वापरा.

घात हातोडीने केलाय. साइड स्टँडचा बोल्ट बऱ्याच गाड्यांत आरपार मोकळा नसतो. तो आधी पत्र्यातल्या आट्यांमध्ये बसतो आणि मागून जो नट असतो तो नुसता चेक नट, म्हणजे बोल्ट आपोआप सुटू नये म्हणून लावलेला. नट निघाला म्हणजे बोल्ट सुटला असं समजून लोक ठोकतात, आणि बोल्ट येतो तो आटे सोबत घेऊनच. नट काढल्यावर बोल्टसुद्धा पान्याने उलटा फिरवूनच काढायचा असतो. खाडीच्या हवेत गंज चढून तो जाम होतो हे खरं. रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायचा, सकाळी रिंग पाना लावायचा. फिक्स पान्याने डोकं गोल होतं.

हे आटे काही गाड्यांत फ्रेमच्या ब्रॅकेटला असतात, काहींत स्टँडच्याच मागच्या कानाला. तुमचा स्टँड नवा असूनही बोल्ट फिरतोय, म्हणजे गेले ते ब्रॅकेटचे. पण त्याआधी एक खात्री करा: बोल्ट कुठून आणला? या मापाचे बोल्ट गाड्यांत बहुतेक १० × १.२५ असतात (१० मिमी जाडी, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी). हार्डवेअरच्या दुकानात नुसता 'दहाचा बोल्ट' मागितला की १.५ पिचचा हातात ठेवतात. तो दोन-अडीच आटे जातो, मग अडतो, मग माणूस पान्याला पाइप लावतो. पुढचं सांगायला नको.

जुना आणि नवा बोल्ट शेजारी धरून बघा. अस्सल बोल्टाला डोक्याखाली बिनआट्याचा गुळगुळीत भाग असतो. स्टँड फिरतो तो त्या भागावर, आट्यांवर नाही. त्याची लांबी स्टँडच्या जाडीपेक्षा केसभर जास्त ठेवलेली असते, म्हणून बोल्ट घट्ट आवळला तरी स्टँड मोकळा राहतो. पूर्ण आट्यांचा साधा बोल्ट टाकला तर आवळलात की स्टँड जाम, सैल सोडलात की खडखड. शिवाय आटे कानसीसारखे भोक खात जातात आणि काही महिन्यांत ते अंडाकृती होतं.

दुरुस्ती: बोटाने आत चाचपून बघा. आटे नुसते चेपले असतील तर १० × १.२५चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून फिरवा, अर्धी फेरी पुढे, पाव मागे. पूर्ण साफ झाले असतील तर आट्यांची कॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे, कुठल्याही लेथवाल्याला हे काम माहीत असतं. भोकच अंडाकृती झालं असेल तर तोच ते गोल करून बुश ठोकून देतो. ब्रॅकेट फ्रेमला वेल्ड केलेला असल्यामुळे गाडी घेऊनच जावं लागेल. तिथे वेल्डिंगची वेळ आली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, सोडा. बीएस-६ गाडीत हे विसरून चालत नाही.

ऐरोली_नाका:
पाना दादांशी सहमत. आवळण्याचा क्रम राहिला, तो जोडतो. आटे ब्रॅकेटला असतील तर बोल्ट आधी हलकेच आवळा, टॉर्क पाना असेल तर १० न्यूटन-मीटरच्या आसपास. मग ४५ ते ९० अंश उलटा सोडा. आता बोल्ट एका पान्याने जागेवर धरून मागचा चेक नट घट्ट करा. बोल्ट न धरता नट आवळला की बोल्टही सोबत फिरतो आणि स्टँड जाम होतो. मग लोक 'नवीन स्टँड घट्ट आहे, वापराने सुटेल' म्हणतात. तो सुटत नाही, घासून खातो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

बसवण्याआधी नव्या स्टँडच्या भोकातला आणि कानांच्या आतल्या बाजूचा रंग पॉलिश पेपरने काढा. लोकल मालावर पावडर कोटिंग जाड असतं, त्यानेच अर्धा जामपणा येतो. ग्रीस पाण्याला टिकणारं वापरा, बोल्टाच्या गुळगुळीत भागावर आणि दोन्ही बाजूंना पातळ थर. बाहेर आलेलं पुसा, नाहीतर पावसाळ्यात वाळू धरून त्याची पॉलिश पेस्ट होते. चेन स्प्रे हा ग्रीसला पर्याय नाही.

स्प्रिंग_हुक:
एका स्प्रिंगवर चालवू नका. दुसरी नुसती ताकदीला नसते. एक तुटली तर दुसरीने स्टँड वर धरून ठेवायचा, यासाठी ती असते. स्टँड चालत्या गाडीत खाली आला आणि डावं वळण आलं, की तो रस्त्याला टेकून मागचं चाक उचलतो.

लावायची युक्ती अशी. आधी दोरा घेऊन फ्रेमवरच्या खुंटीपासून स्टँडवरच्या खुंटीपर्यंतचं अंतर दोनदा मोजा, स्टँड पूर्ण वर असताना आणि पूर्ण खाली असताना. जिथे कमी, तिथे स्प्रिंग लावायची. बहुतेक गाड्यांत ते वर असताना कमी भरतं. मधल्या स्थितीत अंतर सर्वांत जास्त असतं आणि स्प्रिंगची रेषा बोल्टावरून ओलांडून पलीकडे जाते, म्हणूनच स्टँड दोन्ही टोकांना 'टक्' करून बसतो. तो टक् येत नसेल तर हुक चुकीच्या खुंटीवर आहे किंवा स्प्रिंग दुसऱ्याच मॉडेलची आहे.

ओढायला पक्कड वापरू नका, हमखास सुटते. दोन पद्धती:

एक, नाण्यांची. स्प्रिंग वाइसमध्ये धरून एका बाजूला वाकवा, उघडलेल्या फटींत १ रुपयाची नाणी सरकवा. मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडेही. नाणं साधारण दीड मिमी जाड, म्हणजे दहा नाण्यांत स्प्रिंग दीड सेंटीमीटर लांब होऊन तशीच राहते. हाताने दोन्ही हुक लागतात. मग स्टँड हळूच मधल्या स्थितीत आणला की स्प्रिंग अजून ताणते आणि नाणी टपाटप खाली पडतात. दहाची दहा मोजून घ्या, एखादं आत अडकलं तर स्प्रिंग तिथेच तुटते. हे मोठ्या स्प्रिंगसाठी. लहानीत नाणं मावत नाही, तिथे पातळ वॉशर.

दुसरी, जुन्या क्लच केबलची. केबलचा फास हुकात अडकवायचा, दुसरं टोक जाड स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला गुंडाळून सरळ रेषेत ओढायचं. ओढताना तोंड त्या रेषेत ठेवायचं नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

तुमच्या बाबतीत मोठी काढून दोन्ही एकत्रच लावा. लहान आतमध्ये घालून चारही हुक त्यांच्या खाचेत खोल बसलेत का बघा. खुंटीच्या कडेवर टेकलेला हुक पहिल्याच गतिरोधकावर उडतो.

दोन_पिनी_कप्लर:
आता प्रश्न ४. स्टँड खाली आणि गिअर टाकला की इंजिन बंद होणं बरोबर आहे. स्टँड वर असूनही बंद होतंय, म्हणजे स्टँड वर आहे हे गाडीला कळत नाहीये.

सेन्सर दोन प्रकारचे. एकात बोल्टावरच गोल स्विच बसतो, त्याची बारीक पिन स्टँडच्या एका छोट्या भोकात जाते आणि पाठीवरची खाच फ्रेमच्या खुंटीवर. पिन भोकात न घालता बोल्ट आवळला की पिन तुटते, स्विच गेला. दुसऱ्या प्रकारात सेन्सर फ्रेमवर असतो आणि स्टँडला चुंबक. लोकल स्टँडला बहुधा चुंबक नसतंच! जुना स्टँड भंगारात टाकला नसेल तर त्यावर बघा. असेल तर कानाजवळ काळ्या प्लॅस्टिकमध्ये बसवलेला छोटा तुकडा दिसेल. तो स्क्रूचा असेल तर काढून नव्यावर लावा, तीच बाजू सेन्सरकडे आणि सेन्सरपासून अंतर जुन्याइतकंच. फिरवून उलटा लावला तर काही सेन्सर ओळखत नाहीत.

तपासणी: स्विचवाला प्रकार असेल तर कप्लर सोडा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जोडलंय की तुटलंय ते दाखवणारी सेटिंग) ठेवा, स्टँड वर-खाली करा. वाचन बदललं पाहिजे. बदलत नसेल तर स्विच मेला. बदलतंय आणि तरी इंजिन बंद पडतंय तर कप्लरमध्ये हिरवट गंज आहे का बघा, पावसाळ्यानंतर हे नेहमीचं. चुंबकवाल्या प्रकारात मल्टिमीटरच्या नादी लागू नका. इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून, डबल स्टँडवर, क्लच दाबून गिअर टाकताना दुसऱ्याला सेन्सरजवळ सुटं चुंबक धरायला सांगा. मागचं चाक जमिनीपासून वर आणि त्याच्यापासून हात लांब.

वायरी जोडण्याचं: काही गाड्यांत स्टँड वर असताना सर्किट जोडलेलं असतं, काहींत तुटलेलं, काही तीन वायरींवर चालतात. गॅरेजवाल्याने अंदाजाने जोडलं आणि इंजिन चालू झालं तरी स्प्रिंग_हुक यांनी सांगितलेला डाव्या वळणाचा धोका तिथेच राहतो, फक्त आता गाडी सांगणारही नाही. वायर चेन आणि सायलेन्सरपासून लांबून, जुन्याच क्लिपांमधून न्या.

घणसोली_सेक्टर:
सगळ्यांचे आभार. बोल्ट खरंच १.५चा निघाला. आटे चेपलेत, पूर्ण गेले नाहीत, टॅप आणतो. जुन्या स्टँडवर चुंबक आहे, दोन छोट्या स्क्रूंनी. सरळ उभं राहण्याचं काय? जुना आणि नवा शेजारी ठेवला, वाक धरून मोजला तर लांबी सारखीच वाटते. पायाला पाच-सात मिमी कापू का?

पाना_चौदा:
कापू नका, अजून कारण सापडलं नाहीये. भोकाच्या मध्यापासून पायाच्या तळापर्यंत पट्टीने मोजा, 'वाटते' नको. पाय टायरच्या रेषेपासून साधारण २५-३० सेंटीमीटर बाहेर पडतो, त्यामुळे लांबीतला १ सेंटीमीटर म्हणजे गाडीच्या कलण्यात जवळपास २ अंश. तेवढ्यात गाडी 'पडेल की काय' वाटायला लागते.

लांबी खरंच सारखी असेल तर स्टॉपर बघा. स्टँड पूर्ण पुढे गेल्यावर त्याचं एक नाक ब्रॅकेटवर टेकतं. लोकल स्टँडला त्या नाकावर वेल्डिंगचा थेंब किंवा रंगाचा गोळा राहिलेला असतो. नाक बोल्टापासून २ सेंटीमीटरवर, पाय २०-२२वर. नाकाशी १ मिमी जास्त असलं तर पाय सेंटीमीटरभर मागे थांबतो. त्याने गाडी थोडी सरळ तर होतेच, पण त्याहून वाईट म्हणजे उतारावर गाडी जरा पुढे सरकली की स्टँड मिटतो. कानसीने अर्धा-अर्धा मिमी काढत, दर वेळी लावून बघा. जास्त काढलंत तर उलट गाडी डावीकडे फार झोपेल आणि सगळा भार बोल्टावर येईल.

आणि मागचे शॉकअप नरम सेटिंगवर असतील तर तेही बघा. गाडी खाली बसली की तोच स्टँड लांब पडतो.

घणसोली_सेक्टर:
नाकावर वेल्डिंगचा थेंब आहे, वाटाण्याएवढा. पट्टीने नव्याची लांबी १ मिमीने जास्त, म्हणजे तो दोष नाही. उद्या कानस.

ऐरोली_नाका:
थेंब काढल्यावर उघड्या लोखंडाला झिंक प्राइमरचा हात द्या, नाहीतर इथल्या हवेत आठ दिवसांत तांबूस होईल. पेव्हर ब्लॉकसाठी पायाखाली ६ × ६ सेंटीमीटरची, ३ मिमी जाड पट्टी वेल्ड करायची पद्धत आहे, पण तेवढ्याने उंची ३ मिमी वाढते. तुमचा आधीच १ने जास्त आहे. त्यापेक्षा स्टँडचा पाय दोन ब्लॉकच्या सांध्यावर न ठेवता ब्लॉकच्या मधोमध ठेवा, हँडल डावीकडे वळवून लॉक करा (उजवीकडे वळवलं की गाडी आणखी सरळ होते), आणि उतार असेल तर पहिल्या गिअरमध्ये. साइड स्टँडवर उभी असताना गाडीवर बसून किक मारू नका. शंभरेक किलोमीटरनंतर चेक नटला पुन्हा एकदा पाना लावून बघा.