मदत हवी आहे: मिरजेचे सतार कारागीर, मांडी घालून काम आणि मानेचं दुखणं

नमस्कार मंडळी,

माझे मामा मिरजेत सतारी-तानपुरे बनवतात. साठीला आलेत. मान आणि उजवा खांदा असा धरतो की संध्याकाळी खुंटी पिळताना हात थरथरतो. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, जमिनीवर बसणं सोडा, टेबल-खुर्ची घ्या. ते जमणारं नाही, आणि यात मामांचा हट्ट नाही. दांडी तासताना ती दोन्ही पायांत घट्ट धरलेली असते. खुर्चीवर बसवलं तर ती धरायची कशानं?

मी पुण्यात कारखान्यात प्रॉडक्शनला आहे. आमच्याकडे कामाची बैठक तपासायला 'रुला' वापरतात, मॅकअटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी 1993 साली मांडलेली पद्धत. त्यात जितके गुण जास्त, तितकी बैठक वाईट. मामांचे बाजूने फोटो काढून गुण द्यायला बसलो आणि अडलो. पायांसाठी दोनच पर्याय: आधार नि तोल असेल तर 1, नसेल तर 2. मांडी, उकिडवं, पायात धरलेलं लाकूड, यातलं काहीच त्यात बसत नाही. आणि मान 20 अंशांच्या पुढे वाकली की सरळ 3. जवारी काढताना, म्हणजे तारेचा झणकार जुळवताना, मामांची मान त्याच्या दुप्पट वाकते. काही उपाय करून ती 25 वर आणली तरी गुण तेच राहणार. मग फरक पडला हे मोजायचं कसं?

सगळ्यात जास्त त्रास जवारीचाच. घोडीचा (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा कानशीनं किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. त्या बारीक उतारावर तारेचा झणकार ठरतो, त्यामुळे डोळा आणि कान दोन्ही घोडीजवळ जातात. मला चष्म्याचाही संशय आहे. वाचायचा चष्मा साधारण 40 सेंमीसाठी असतो, आणि मांडीवरची घोडी ताठ बसल्यावर त्याहून लांब पडते. म्हणजे नीट दिसावं म्हणून ते वाकतच राहणार.

पूर्वी पेढीवर मुनीम उतरत्या डेस्कवर लिहायचे, तसं बुटकं ठाण करावं म्हणतो, भोपळा बसेल अशा खोलगट माथ्याचं. शिवाय बुडाखाली घट्ट उशी. मांडी घातली की कटीचं हाड मागे कलतं आणि कंबरेचा बाक सपाट होतो. बूड उचललं की तो थोडा परत येतो.

ठाण गल्लीतल्या इतर कारागिरांनाही चालायला हवं. एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्थेने) 1997 साली भारतीय शरीरमापांचं संकलन काढलं होतं. ते कुणाकडे असेल तर मांडी घालून बसल्यावर जमिनीपासून कोपर किती उंच येतं, ते बघून सांगाल का? 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. ती घडवणाऱ्यांच्या मानेची काळजीही आपण घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद:
दादा, माझं सांगलीत चष्म्याचं दुकान आहे. संशय बरोबर आहे. आधी ठाण करा, मामांना आरामात बसवा आणि डोळ्यापासून घोडीपर्यंत टेपनं मोजा. तेवढ्या अंतराचा, सबंध काचेत एकच नंबर असलेला चष्मा फक्त कामासाठी करून घ्या. दिवा डोक्यावर नको, बाजूनं आणि खाली ठेवा. तिरक्या उजेडात कानशीचे ओरखडे सावलीनं उठून दिसतात, मग वाकावं कमी लागतं. रुलाचे गुण सोडा, फोटोतला मानेचा कोनच लिहून ठेवा, आधीचा आणि नंतरचा. आणि एक सांगा, जवारी काढताना सतार आडवी मांडीवर असते की भोपळा जमिनीवर टेकलेला?