मदत हवी आहे: तिसरा बोअर घ्यावा की नाल्याचं पाणी विहिरीत सोडावं? (भडगाव तालुका)

राम राम मंडळी.

गिरणा पट्ट्यात आमची पाच एकर शेती. विहीर सत्तर फूट. सध्या मोटर चाळीस मिनिटं चालली की फुटव्हॉल्व (पाईपच्या तळाची झडप) उघडा पडतो, मग झिऱ्यांकडे बघत बसायचं. दोन बोअर कोरडे गेले. दुसऱ्यातून चारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. धाकटा भाऊ म्हणतो, आता सहाशे घेऊ. आजी ओसरीवरून विचारते, "आखो कितला खोल जाशी?" वडिलांचं तिसरंच: नार-पार नद्यांचं पाणी गिरणेत येऊ दे. ७,०१५ कोटींच्या त्या योजनेला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, हे खरं. पण ते पाणी गिरणेत उतरेपर्यंत आमची केळी कशावर जगवायची?

माझ्या डोक्यात विहीर पुनर्भरण आहे, म्हणजे नाल्याने वाहून जाणारं पावसाचं पाणी विहिरीत सोडणं. एकरावर २५ मिमी पाऊस पडला तर साधारण १ लाख लिटर पाणी होतं. त्यातलं निम्मं मुरलं असं धरलं, तरी उरलेलं आमच्या बांधावरून नाल्यात जातं. विहिरीपासून दहा फुटांवर दोन खड्डे घ्यायचे, पहिल्यात गाळ बसेल, दुसऱ्यात दगड, खडी, वाळू, आणि तिथून पाईप विहिरीत.

आता खरं सांगतो. ठिबक केलं तेव्हा केळी दीड एकर होती. पाणी वाचलं, म्हणून ती तीन एकर केली. म्हणजे वाचलेलं पाणी आम्हीच पिऊन टाकलं. पुनर्भरणाचंही तसंच होणार असेल तर धाकट्याला मी कोणत्या तोंडाने अडवू? गावात तर शेततळ्यांचीच तऱ्हा बघा: ३० × ३० × ३ मीटरचं, उतरत्या बाजूंचं तळं, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर, प्लास्टिक अंथरून बोअरच्या पाण्याने भरतात. जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं आणि त्याला जलसंधारण म्हणायचं!

शिरपूर पॅटर्नबद्दल माहीत आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी तिथे नाले रुंद-खोल करून बंधाऱ्यांत पाणी अडवलं. पण ते काम अख्ख्या नाल्याचं. आमच्याकडे हातभर मुरूम, खाली काळा पाषाण, आणि मी एकटा. म्हणून विचारतो:

असल्या पाषाणात कुणी एकट्याने विहीर भरून पाहिली आहे का? पाणी आपल्या विहिरीत टिकतं की शेजाऱ्याच्या बोअरला जातं? (शेजारी भला माणूस आहे, तरी विचारतो.)

नाल्याला वरच्या शेतांतला युरिया आणि फवारणीचं पाणी येतं. घरचं पिण्याचं पाणी याच विहिरीचं. पहिले दोन-तीन पाऊस नाल्यानेच जाऊ दिले तर भागेल, की हे सोडूनच द्यावं?

कोरड्या बोअरमध्ये पाणी सोडलं तर गाळाने तो बुजतो का?

बोअरची गाडी सोमवारी येणार आहे, इसार देऊन झालाय. त्याआधी कुणी अनुभव सांगितला तर धाकट्याला वाचून दाखवेन.