साथीच्या काळात महापालिकेने नागरिकांना नेमकी कोणती माहिती द्यावी? निवेदनासाठी सूचना हव्या आहेत

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातील एक रहिवासी

सर्वांना नमस्कार. आमच्या भागातील काही रहिवासी मिळून पावसाळ्यापूर्वी महापालिका आयुक्तांना एक निवेदन देणार आहोत. विषय डेंग्यूचा असला, तरी आमची मागणी फवारणीची किंवा धुरळणीची नाही. ती दरवर्षी होतेच. साथ सुरू झाल्यावर नागरिकांना कोणती माहिती, किती लवकर आणि कोणत्या मार्गाने मिळायला हवी, एवढ्यापुरतेच हे निवेदन आहे. जुलैपासून दिवाळीपर्यंत गल्लोगल्ली तापाचे रुग्ण दिसू लागतात, मोबाइलवर पपईच्या पानांच्या रसापासून रक्तातील प्लेटलेट पेशींच्या आकड्यांपर्यंत वाटेल ते फिरू लागते, आणि अधिकृत आवाहन मात्र ‘घाबरून जाऊ नका, परिसर स्वच्छ ठेवा’ यापलीकडे सहसा जात नाही. अशा आवाहनाने कोणाची भीती गेल्याचे मी पाहिलेले नाही. आपल्या गल्लीत काय चालले आहे हे कळले, तर पुढे काय करायचे ते माणूस स्वतः ठरवतो.

१२ एप्रिल २०२० रोजी शहरात करोनाचा पहिला रुग्ण आढळला आणि त्यानंतर रोजचा अहवाल निघू लागला, तेव्हा सगळे शहर त्याची वाट पाहत असे. म्हणजे हे काम यंत्रणेच्या आवाक्याबाहेरचे नाही. डेंग्यूसाठी दर आठवड्याला प्रभागवार आकडे मागावेत का, आणि त्याखेरीज आणखी काय मागावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : हिवताप विभागातील निवृत्त कर्मचारी

मी घरोघर फिरून पाण्याची भांडी तपासण्याचे काम अनेक वर्षे केले आहे, म्हणून आकड्यांच्या आधी पाण्याबद्दल लिहितो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा, हे डेंग्यूबाबतचे सर्वांत जुने सांगणे आहे आणि ते शास्त्राला धरूनच आहे, कारण अंड्यापासून उडणारा एडिस डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. परंतु ज्या वस्तीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथे दोनशे लिटरचा बॅरल ओतून टाकायला सांगितले, तर घरातली बाई आपल्याकडे नुसती बघत राहते. ती तळाला फूटभर पाणी राखून ठेवते आणि नळ आला की त्यावरच नवे पाणी भरते, कारण पुढचे पाणी मंगळवारी पहाटे येईल की बुधवारी रात्री, याची तिला खात्री नसते. त्या तळाच्या पाण्यात अळ्या तशाच राहतात. अंडी तर पाण्याच्या पातळीच्या जरा वर, बॅरलच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून नुसते ओतून भागत नाही, काथ्याने घासावेच लागते.

माझ्या मते आपल्या शहरात डेंग्यूच्या काळात पाण्याचे वेळापत्रक हीच आरोग्याची पहिली माहिती आहे. पाणीपुरवठा विभाग आणि आरोग्य विभाग यांनी दोन वेगवेगळे निरोप देण्याऐवजी एकच निरोप द्यावा : ‘उद्या सकाळी इतक्या वाजता तुमच्या भागात पाणी सुटेल, त्यामुळे आज उरलेले पाणी धुण्याभांड्याला वापरून बॅरल घासून ठेवा.’ पाणी येण्याचा वार नक्की कळला, तर कोरडा दिवस आपोआप पाळला जातो. पुरवठा लांबणार असेल, तर तेही त्याच मार्गाने आणि वेळेवर कळवले पाहिजे. लोकांना एकदा बॅरल रिकामा करायला लावून दुसऱ्या दिवशी नळ आला नाही, तर पुढची पाच वर्षे त्या गल्लीत आपले कोणी ऐकत नाही.

अळ्या मारण्यासाठी पाण्यात टाकतात त्या अबेट (टेमिफॉस) या औषधाविषयीही लिहा. योग्य मात्रेत टाकलेले टेमिफॉस पिण्याच्या पाण्यालाही चालते, पण हे आधी कोणी समजावून सांगितलेले नसते. कर्मचारी औषध टाकून पुढच्या घरी गेला की मागे पाणी ओतून दिले जाते, आणि त्या बायकांना दोष देता येत नाही.

उत्तर २ : एक डॉक्टर, होटगी रस्ता

आकड्यांबाबत एक गोष्ट निवेदनात स्पष्टपणे घ्यावी. खासगी दवाखान्यांत बहुतेक वेळा पट्टीवरची झटपट तपासणी होते. शासकीय कार्यक्रमात मात्र प्रयोगशाळेत होणारी एलायझा पद्धतीची रक्तचाचणीच ग्राह्य धरतात : तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी) आणि त्यानंतर आयजीएम (शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे शोधणारी). साहजिकच, दवाखान्यांत खाटा मिळत नसताना अधिकृत आकडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका दिसतो आणि आकडे दडवले जात आहेत असा समज पसरतो. संशयित रुग्ण, तपासलेले नमुने आणि निश्चित झालेले रुग्ण असे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी द्यावेत आणि त्यांतील फरक प्रत्येक वेळी एका वाक्यात सांगावा, अशी मागणी करा. नमुन्यांचे अहवाल यायला वेळ लागतो, हेही त्याच ठिकाणी लिहिलेले असावे.

आणखी एक मुद्दा मला आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, परंतु डेंग्यूमध्ये धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, मूल मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. एवढा मजकूर प्रत्येक पत्रकात असला, तरी जीव वाचतील. सध्या लोक फक्त पेशी मोजत बसतात.

उत्तर ३ : पाच्छा पेठ परिसरातील वाचक

प्रभागवार आकड्यांना माझा विरोध नाही, पण २०२० साली पेठेचे नाव जाहीर झाल्यावर काय होते, ते आम्ही भोगले आहे. आमचा पत्ता ऐकून दुकानदार सामान देताना मागे सरकत असत. डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट लागत नाही, तो डासामार्फत पसरतो, हे वाक्य भागाच्या नावासोबत प्रत्येक वेळी असलेच पाहिजे. घराचा, इमारतीचा किंवा रुग्णाचा उल्लेख कोणत्याही स्वरूपात नसावा.

उत्तर ४ : डॉक्टर, होटगी रस्ता

आपली हरकत पूर्णपणे रास्त आहे. सिंगापूरमध्ये दीडशे मीटरच्या परिसरात चौदा दिवसांच्या आत दोन किंवा अधिक रुग्ण आढळले, तर तो परिसर डेंग्यूचा समूह म्हणून जाहीर होतो आणि एकट्या रुग्णामुळे कोणाच्या गल्लीचे नाव पुढे येत नाही. असा काही नियम आधीच ठरलेला असेल, तर अमुक भागाचे नाव का घेतले आणि तमुक भागाचे का घेतले नाही, हा वादही उरत नाही.

उत्तर ५ : आशा स्वयंसेविका

आपल्या शहरात मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दूही बोलली जाते. पूर्व भागात मी मराठी पत्रक दिले की आजी ते नीट घडी घालून देव्हाऱ्याजवळ ठेवतात, आणि तेलुगूत दोन वाक्ये बोलले की लगेच उठून बॅरल दाखवतात. घंटागाडीवरून निरोप द्यायचा असेल, तर तो त्या-त्या वस्तीच्या भाषेत ध्वनिमुद्रित करावा. विड्या वळणाऱ्या बायका माल द्यायला आणि पान-तंबाखू घ्यायला कारखान्याच्या शाखेत जातात, तिथे त्या रांगेत थांबलेल्या असतात; निरोप सांगण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. पान भिजवण्याच्या पाण्याबद्दलही तिथेच बोलता येते, कारण ती भांडी घरात असतात आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. यंत्रमागाच्या कारखान्यांत रातपाळी सुटण्याच्या वेळी माणसे भेटतात, दुपारी भेटत नाहीत.

एक विनंती आहे. आम्हाला माहिती वर्तमानपत्राच्या आधी मिळाली पाहिजे. लोक पहिला प्रश्न आम्हालाच विचारतात, आणि दारात उभे राहून ‘मला माहीत नाही, ताई’ असे म्हणावे लागले, तर पुढच्या खेपेला दार उघडत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मसुद्यात पाण्याच्या वेळापत्रकाची मागणी पहिल्या क्रमांकावर घेतो, प्रभागवार आकडे त्यानंतर. भागाचे नाव जाहीर करण्याचा नियम आधी ठरवावा, हेही घालतो. आशाताईंनी लिहिल्याप्रमाणे विडी कारखान्यांच्या शाखांसाठी वेगळा परिच्छेद करतो. मसुद्यासोबत नमुन्याचा निरोप चारही भाषांत जोडण्याचा विचार आहे. तेलुगू आमच्याकडे होईल. कन्नड आणि उर्दूसाठी कोणी मदत करू शकत असेल, तर कृपया इथेच कळवावे.